थंडीत तापणारी गाडी

चोक ओढायचे दिवस आले. एरवी माझी पद्मिनी किल्ली फिरवली की कुरकुरत का होईना सुरू होते, पण थंडी पडली की तिची मनधरणी करावी लागते. चोक बाहेर ओढायचा, जरा थांबायचं आणि मग किल्ली. पहिल्यांदा ती खोकते, मग शिंकते, आणि मग सगळ्या गल्लीला उठवत एकदाची घुमायला लागते. शेजारच्या वहिनी खिडकीतून ओरडतात, "कुंदाताई, विका की आता ते धूड!" मी म्हणते, "तुम्ही आधी मिस्टरांचं घोरणं विका, मग बघू." दोघी हसतो आणि आपापल्या कामाला लागतो.

सकाळी नदीच्या अंगानं धुकं येतं. त्यात नगर रस्त्यावरचे ट्रक नुसते हॉर्नवरून ओळखायचे. मार्केट यार्डाच्या बाजूनं कांद्याचा वास येतो, आणि उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन रस्त्यावर चिपाडांचा चुरा पडलेला असतो. ज्वारी चिकात आली की हमरस्त्याला हुरड्याच्या पाट्या लागतात. मला मात्र हे सगळं दिसण्याआधी आत्या आठवते. हुरडा म्हणजे आत्या. तिची सासरची माणसं दिवाळीला ऊसतोडीत गुंतलेली, म्हणून आमच्याकडं तिचं माहेरपण दिवाळीला नाही, हुरड्याला असायचं. गेल्या हिवाळ्यात गाडीत पाऊल ठेवता ठेवता ती म्हणाली होती, "हे शेवटचं बरं का कुंदे. आता न्यायला येऊ नगंस." तेव्हापासून वर्षभर ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. यंदा चोक ओढताना तेच मनात येतं, की आत्या येईल का?

बाहेरच्या माणसाला याचं हसू येईल. म्हातारी बाई, हातात मोबाइल, गावातून यष्टी जाते, यायचं असेल तर येईल. पण आमच्याकडं सासरी गेलेली लेक आपली आपण माहेरी येत नाही. तिला न्यायला माणूस जावा लागतो. भाऊ, बाप, भाचा, कुणीतरी. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला, पाणी प्याला, घरच्या मोठ्यांना "न्यायला आलोय" म्हणाला, की मग बाई लुगडं बदलते. कुणी न्यायला आलं नाही तर ती म्हणत नाही की मला न्या. तिथं मागण्याची पद्धतच नाही. कुणी आलंच नाही तर समजायचं, माहेर संपलं.

आत्याचा मुराळी म्हणजे माझे वडील, आप्पा. शिरूर डेपोत यष्टीचे ड्रायव्हर. त्यांच्या गाडीवर लोक घड्याळ लावायचे असं म्हणतात, आणि ते म्हणणं त्यांना फार आवडायचं. घाटात, पावसात, जत्रेच्या गर्दीत, कशातही आप्पा वेळ चुकवायचे नाहीत. अशा माणसानं रजा काढून स्वतःची गाडी हाकली की मात्र शिरूरहून आत्याला तिच्या सासरी, खानोट्याला सोडायला दिवस मावळायचा. कारण आमची गाडी तापायची.

ही पद्मिनी त्यांनी गावातल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. दुधाच्या सायीसारखा रंग, पुढं सलग एकच सीट, आणि गिअर खाली नाही तर स्टिअरिंगलाच. त्यामुळं पुढं आम्ही तिघं बसायचो. उजवीकडं आप्पा, खिडकीशी आत्या आणि मधे मी. माझ्या डोळ्यांसमोर तो इंजिनाच्या उष्णतेचा काटा. तो कायम मधेच उभा असायचा, ना इकडं ना तिकडं. मी एकदा म्हणाले, "आप्पा, काटा तर मधेच आहे." आप्पा म्हणाले, "त्यो खोटं दाखवतो. ड्रायव्हरला वासावरनं कळतं." मी लगेच नाक वर करून वास घेतला. मला पेट्रोलचा आणि आत्याच्या ओटीतल्या नारळाचा वास आला. पण आप्पांचं नाक यष्टीचं, ते चुकेल कसं?

मग तलाव यायचे. आधी चिंचणीचं धरण, मग वरवंडचा तलाव, मग मळदचा. प्रत्येक तलावाशी गाडी बरोब्बर तापायची. आप्पा बांधाच्या कडेला गाडी घ्यायचे, बॉनेट उघडायचे, तोंड गंभीर करायचे. "झाकण लगेच उघडायचं न्हाई, वाफ तोंडावर येती. निवू द्या." मग डिकीतून तेलाचा जुना पत्र्याचा डबा निघायचा. मला ते म्हणायचे, "जा, किती पाखरं हायत मोजून ये." मी पळायची. परत येईपर्यंत दोघं भाऊ-बहीण बांधावर बसलेले असायचे. कधी बोलत, कधी गप्प. आत्या शेंगा सोलत असायची आणि सोललेल्या दाण्यांतला निम्मा हिस्सा न विचारता आप्पांच्या हातावर ठेवत असायची. पाण्यावर ऊन तरळत असायचं, लांब कुणीतरी म्हशी धूत असायचं, आणि आम्हाला कसलीही घाई नसायची. माझ्या बालपणीची सहल म्हणजे हीच. महाबळेश्वर-बिहाबळेश्वर आम्ही पाहिलं नाही. आमची गाडी बिघडायची म्हणून आम्ही तळी पाहिली.

खानोट्यात पोचलो की आत्याचे सासरे ओट्यावर वाट पाहत बसलेले. उजनीचं पाणी त्यांच्या रानापर्यंत आलेलं, त्याच्यावर सांज उतरलेली. ते विचारायचे, "लई उशीर, पाव्हणं?" आप्पा कपाळाला हात लावायचे. "काय सांगू, गाडी तापली." म्हातारा हळहळायचा. "विकून टाका ती. धोक्याची हाय." पुढं पुढं सगळ्या दौंड तालुक्यात आमच्या गाडीची बेइज्जती झाली. शिरूरचे रफिकभाई मेस्त्री, ज्यांनी या गाडीचा एकेक नट हातानं आवळलेला, ते तर चिडायचे. "आप्पा, मेरे हाथ की गाडी गरम होती नै. मी तपासली ना? तुम्ही लोकांना काय बी सांगता, आन् बदनामी माझी!" आप्पा नुसते हसायचे आणि त्यांच्यासाठी चहा सांगायचे.

आप्पा गेले त्याला तीन वर्षं झाली. पहिलं वर्ष दुखवट्यात गेलं. दुसऱ्या वर्षी हुरडा आला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. मी एकुलती एक लेक, लग्नानंतरही आप्पांच्याच घरात राहिलेली, भाऊ नाही. आता आत्याला आणायला कोण जाणार? माझा नवरा फार कामाचा माणूस. कामाचा म्हणजे मोबाइलवर सगळं उरकणारा. तो म्हणाला, "यात काय अवघड आहे?" आणि त्यानं चांगली थंडगार हवेची भाड्याची गाडी परस्पर खानोट्याला धाडली. मलाही ते बरं वाटलं. माझ्या शिवणाच्या दुकानात लग्नसराईचे ब्लाऊज ढिगानं पडलेले. संध्याकाळी गाडी परत आली. तिच्यात ड्रायव्हर, एक पिशवी शेंगा आणि गुळाची एक ढेप. आत्या नाहीच. ड्रायव्हर बिचारा खूश होता. म्हणाला, "मॅडम, आजींनी जेवू घातलं, पोटभर. पण म्हणाल्या, गाडी आली, माणूस कुठाय?"

असा गोंधळ आमच्यासारख्यांनीच घालावा. मुराळी सोडून नुसतं वाहन पाठवलं. म्हणजे वऱ्हाड नाही, नवरदेव नाही, घोडा तेवढा मांडवात. मी फोन केला तर आत्या रागावलेलीही नव्हती. तेच जास्त लागलं. ती शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय. भाऊ गेला की माहेर जातं. तसंच असतंय ते. तू मनाला लावून घेऊ नगंस."

मी मनाला लावून घेतलं. त्या रात्री मला आप्पांचा इतका राग आला, की तुम्ही गेलात ते गेलात, आता हिला मी काय सांगू? आणि मग रडू आलं. पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, मी फोनवर सांगून टाकलं, "आत्या, मी येतेय न्यायला. मी मुराळी." पलीकडं आत्या हसली. "पोरी कवा मुराळी झाल्यात व्हय गं?" मी म्हणाले, "नसल्या झाल्या तर मी होते." ती "ये" म्हणाली नाही, "येऊ नको" पण म्हणाली नाही.

मी गाडी गावातल्या गावात चालवते, घर ते दुकान आणि दुकान ते घर. लांब कधी नेली नव्हती. आप्पा शेवटच्या दुखण्यातही बजावून गेलेले, "लांबच्या वाटेला डबा ठेवत जा." म्हणून आधी रफिकभाईंकडं नेली. आता गॅरेज मुलं बघतात, ते खुर्चीत बसून असतात. पण माझी गाडी पाहून उठले. सगळं तपासून म्हणाले, "बिनधास्त जा बेटा. काही होणार नै." मी डिकीत डबा ठेवला तसे त्यांनी दोन्ही हात वर केले. "या अल्ला! तूही?"

खानोट्याला पोचले तेव्हा आत्या ओट्यावर लसूण निवडत बसली होती. माझ्याकडं न बघता ती उठली आणि सरळ गाडीकडं गेली. बॉनेटवर तळवा टेकवून जरा वेळ उभी राहिली. ही तिची जुनी सवय. बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा ती गाडीवर ठेवते असं मी समजायची. मग मला म्हणाली, "आलीस? पाणी पी आधी." मी पाणी प्याले, तिच्या लेकासुनेला म्हणाले, "न्यायला आलेय." तिचा लेक हसत म्हणाला, "ताई, पिशवी कवाची भरलीया तिची. दाराआड हाय." आत्या त्याच्यावर खेकसली, "गप रं!" पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. जुन्या सवयीनं ती पुढं खिडकीशी बसायला गेली. आणि तेव्हाच ते म्हणाली, हे शेवटचं म्हणून.

मी किल्ली फिरवली. शिरूरपर्यंत आम्ही एकदाही न थांबता आलो. गाडी तापली नाही, मला वाटलं माझं नशीब.

ते आठ-दहा दिवस कसे गेले सांगता यायचं नाही. आमच्या रानात आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली. आत्यानं तळव्यावर कणीस चोळून हिरवागार हुरडा आधी आप्पांच्या नावानं बाजूला ठेवला आणि मग आम्हाला दिला. दुपारी ती दुकानात येऊन बसायची, ब्लाऊजांना हूक लावायची, आणि गिऱ्हाइकांना विचारायची, "एवढा मागचा गळा? थंडी वाजत न्हाई का?" निघायच्या दिवशी मी तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ओटी भरताना तिनं घराकडं असं पाहिलं, जणू सगळ्या वस्तूंना हात लावून ठेवतेय. मला ते बघवलं नाही. मी गाडीचं निमित्त करून बाहेर आले.

चोक ओढला, निघालो. आप्पा न्यायचे त्याच वाटेनं, चिंचणीवरून. धरणाच्या भिंतीशी मी गाडी थांबवली. काटा मधेच होता, पण काटा खोटा हे मला लहानपणापासून ठाऊक. बॉनेट उघडलं, निवायची वाट पाहिली, फडक्यानं झाकण धरून हळूच फिरवलं. पाणी काठोकाठ. चमचाभरही मावेना. मला वाटलं रफिकभाईंनी जास्तच भरलं असेल. आत्या भिंतीवर पाय सोडून बसली होती. मला म्हणाली, "भरलं का?" मी म्हणाले, "भरलेलंच आहे." ती "हं" म्हणाली आणि पाण्याकडं बघत राहिली.

पारगावच्या पुलावर तिनं काच खाली करून भीमेत नाणं टाकलं, डोळे मिटून हात जोडले. केडगाव, चौफुला करत वरवंडला आलो तर तलावाच्या बांधावर ही गर्दी! आधी वाटलं लग्नाचं वऱ्हाड. बघते तर सगळ्या जुन्या गाड्या. पुण्याची हौशी मंडळी पाखरं बघायला खाली उजनीकडं निघालेली, वाटेत तलावाशी चहाला थांबलेली. एक काळी अँबॅसेडर, मागच्या काचेला लेसचे पडदे. एक टप नसलेली लाल गाडी, तिचं नाक एवढं लांब की चालवणारा कोसभर मागं बसल्यासारखा. हिरवी जीप, बाजूला डबा जोडलेली स्कूटर. सगळ्या पुसून अशा लखलखीत की तलावातलं ऊन त्यांच्या पत्र्यावर खेळत होतं.

आत्या पदर सावरत एकेका गाडीपुढं उभी राहिली, अगदी देवदर्शनाला गेल्यासारखी. लाल गाडीत वाकून म्हणाली, "ह्यात बसायचं का झोपायचं?" गाडीचा मालक तरुण होता, त्यानं दार उघडून तिला आत बसवलंच. अँबॅसेडरच्या चाकाच्या चकचकीत टोपीत तिनं स्वतःचं कुंकू नीट केलं. एका बाईंनी सँडविच दिलं, तिनं त्यांना पिशवीतला हुरडा दिला आणि तो कसा खायचा तेही शिकवलं. मला हळूच म्हणाली, "कुंदे, म्हाताऱ्या गाड्यांची किती बडदास्त गं ही. बरं वाटतं बघून." त्या बोलण्यात काय होतं ते मला कळलं. मी तिचा हात धरला.

तेवढ्यात आमच्या पद्मिनीभोवतीही चार जण जमले. टोपी घातलेले एक काका मला म्हणाले, "ताई, बॉनेट उघडू का? आमच्यात असं विचारावं लागतं." मी उघडून दिलं. ते आत वाकले, टॉर्च मारला, पट्टा दाबून पाहिला, फडक्यानं पाण्याचं झाकण काढून आत पाहिलं. मग इतर मंडळींना बोलावून दाखवायला लागले. "बघा, काय ठेवलीय! पाण्याची टाकी मूळची. एक डाग नाही, झाळून बुजवल्याची एक खूण नाही."

मी म्हणाले, "पण तापते हो फार. पहिल्यापासूनच."

"ही?" काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलीची चहाडी केली. "ताई, ही गाडी जन्मात कधी उकळलेली नाही. उकळली असती तर इथं गंज दिसला असता, इथं डाग पडले असते. आणि काटा तर अगदी खरा दाखवतोय."

"काटा खोटा आहे तो," मी म्हणाले. "माझे वडील यष्टीचे ड्रायव्हर होते, त्यांना वासावरनं कळायचं."

काका काही बोलणार तेवढ्यात मागून आत्या हसायला लागली. आधी पदरात तोंड घालून, मग उघडच. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी घाबरले. तिला बांधावर नेऊन बसवलं, पाणी दिलं. ती मंडळी समजूतदार, चहाकडं निघून गेली.

"काय झालं, आत्या?"

"अगं येडे," ती म्हणाली, "मला माहेरी आणताना कवा तापली व्हती का ती?"

मी आठवून पाहिलं. नव्हती. एकदाही नव्हती. तापायची ती परत सोडायला जाताना.

"तुझा बाप बॉनेट उघडायचा, मग मी हळूच वर हात ठिवायची. थंडगार. यष्टी हाकणारा गडी, त्याला खोटं बोलता येत न्हाई, मान खाली घालून डबा घेऊन जायचा. तुला पाखरं मोजाया धाडायचा, आन् आणलेलं पाणी त्या बाभळीला घालायचा." तिनं बोट दाखवलं. बांधाच्या कडेला एक थोराड बाभूळ उभी होती, तिच्या सावलीत जीप लावलेली. "ती बघ. तुझ्या बापानं वाढवली ती."

मी त्या बाभळीकडं बघतच राहिले.

"का पण?" मी शेवटी विचारलं.

"सासर वाईट न्हवतं गं. मारझोड न्हाई, काय न्हाई. पण घर मोठं. दारात पाय टाकला की पदर खोचायचा. निवांत बसणं म्हंजी काय ते म्या तिथं बघितलंच न्हाई. हितं बांधावर बसलं की कुणी 'ऊठ' म्हणायचं न्हाई. आन् उशीर झाला तर माणसाला बोलणी बसत्यात, गाडीला कोण बोलणार? आमचे मामंजी गाडीलाच शिव्या द्यायचे." तिनं डोळे पुसले. "त्यानं कवा सांगितलं न्हाई, म्या कवा इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्याला गाडी थांबवता आली नसती."

सांगते, मला त्या क्षणी आप्पांचा इतका अभिमान वाटला आणि इतकी त्यांची आठवण आली की मी बांधावर बसून मोठ्यानं रडले. एवढी मोठी बाई मी, पुण्याच्या लोकांसमोर. ज्या माणसानं उभ्या जन्मात वेळ चुकवली नाही, त्यानं बहिणीसाठी वर्षानुवर्षं आपल्या गाडीची आणि आपल्या मेस्त्रीची बदनामी सोसली. आणि मला काय, मी पाखरं मोजत होते.

टोपीवाले काका जाताना गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "जपा हिला." आत्या म्हणाली, "तिनंच आम्हाला जपलंय." ओळीनं सगळ्या गाड्या निघाल्या, हॉर्न वाजवत, पत्र्यांवर ऊन घेत. आम्ही मागून सावकाश निघालो. पाटस, कुरकुंभ मागं गेलं. मला एकच भीती वाटत होती. आता गुपित उघड झालं, आता थांबायला कारणच उरलं नाही. सरळ गेलं तर तासाभराच्या आत खानोटा, आणि मग ते "शेवटचं" खरंच शेवटचं होणार.

मळदचा तलाव दिसायला लागला. काटा मधेच होता. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली. खाली उतरून बॉनेट उघडलं आणि चेहरा शक्य तितका गंभीर करून म्हणाले, "आत्या, गाडी तापली."

आत्या आतच बसून माझ्याकडं पाहत राहिली. मग दार उघडून उतरली, गाडीपुढं आली, उघड्या बॉनेटवर तळवा टेकवला. थंडीचे दिवस, पत्रा गारेगार. तिनं हात एकदम मागं घेतला, चटका बसल्यासारखा, आणि बोटांवर फुंकर मारली.

"व्हय गं बाय," ती म्हणाली. "लईच तापली."

मी डिकीतून डबा काढला आणि पाण्याकडं चालायला लागले. हसू आवरेना आणि डोळ्यांना पुढचं नीट दिसेना. काठाशी वाकून डबा भरला. वळून पाहिलं तर आत्या बांधावर बसली होती, पाय लांब करून, मांडीवर शेंगा घेऊन. मी बसले तशी सोललेल्या दाण्यांतला निम्मा हिस्सा तिनं माझ्या हातावर ठेवला. लांब पाण्यात पाखरं होती. मी मोजली नाहीत. खानोट्याला पोचायला दिवस मावळला. तिचा लेक म्हणाला, "ताई, लई उशीर?" मी कपाळाला हात लावला. सगळं झालं, पण निघताना आत्या "पुढच्या साली ये" म्हणाली नाही. ती म्हणणारच नव्हती, तशी रीतच नाही. मला मात्र वर्षभर घोर लागून राहिला.

परवा दुपारी दुकानात कापड बेतत होते, तर फोन वाजला. आत्याचा. तिकडची थंडी, उसाला तुरा, सुनेची कंबर, उजनीत आलेली लांब पायांची गुलाबी पाखरं, सगळं सांगून झालं. मी हं-हं करत कात्री चालवत होते. मग एकदम तिनं विचारलं.

"कुंदे, गाडीत त्यो डबा हाय का गं अजून?"

माझी कात्री थांबली. "आहे की, आत्या."

"भोक-बिक न्हाई ना पडलं?"

"नाही."

"मग बरं. ठिवते."

मी दुकान तसंच टाकून खाली उतरले, डिकी उघडली, डबा काढला आणि रस्त्यावरच्या नळाखाली भरून उन्हात धरून पाहिला. कुठं गळत नव्हता.